अज्ञात इसम

गेल्या दिवाळीत याच पानावर मी पावसाळी गस्तीची हकिकत सांगितली होती. त्यावर पुण्याच्या एका वाचकाचे पत्र आले. पत्र मोठे प्रेमळ होते; पण शेवटी एक बारीकसा चिमटा होता : “उन्हाळ्यात मात्र तुम्हां जंगलखात्याच्या मंडळींची चैन असेल. सावलीत बसावे नि करवंदे खावीत!”

करवंदे मी पुष्कळ खाल्ली आहेत, नाही म्हणत नाही. पण महाड-पोलादपूरच्या डोंगरांत वनरक्षक म्हणून ज्याने सतरा उन्हाळे काढले, त्याला हे वाक्य वाचून हसू आले. ते मी सौभाग्यवतींना वाचून दाखवले. त्या काही हसल्या नाहीत. त्या सतरा उन्हाळ्यांत घरची चार लग्ने त्यांनी एकट्याने उरकली होती.

आमचा उन्हाळा फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतो आणि पहिल्या पावसाने जमीन भिजेपर्यंत संपत नाही. त्या काळात रजा मागायची नसते, कारण वणवा मुहूर्त पाहून येत नाही. त्याआधीच जाळरेषा काढून ठेवायच्या. म्हणजे जंगलाच्या कडेचा आणि मधल्या वाटांचा गवताचा पट्टा आपणच, आपल्या देखत, जाळून टाकायचा. पुढे आग आली तर तिला खायला काही उरू नये. तरीही ती आलीच तर ऐनाच्या किंवा जांभळीच्या हिरव्या डहाळ्या तोडायच्या आणि झोडपत सुटायचे. हल्ली पाठीवर बांधायची वारा फेकणारी यंत्रे मिळाली आहेत. आकाशातल्या उपग्रहाला आगीचा ठिपका दिसतो आणि मोबाइलवर निरोप येतो. आमच्या वेळी निरोप म्हणजे समोरच्या डोंगरावरून कोणी तरी घातलेली कुकारी.

मधली दोन वर्षे माझी नेमणूक मुरूडच्या बाजूला, फणसाडच्या अभयारण्यात होती. पूर्वी ते जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान. 1986 साली ते अभयारण्य झाले. तिथला उन्हाळा निराळा. टेकाडावर चढलात की समोर अथांग पाणी, आणि सांबराला प्यायला मात्र घोटभर नाही! रानातल्या पाणवठ्यांना तिकडे ‘गण’ म्हणतात. कोणत्या गणात किती पाणी उरले, गाळ कधी काढायचा, कुठे बाहेरून पाणी आणून ओतायचे, एवढाच तिथे एप्रिल-मेचा विचार. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाण्यावर येणारी जनावरे मोजायची. एका रात्री माझ्या कागदावर चार भेकरे, एक रानडुकरांचा कळप आणि असंख्य डास अशी नोंद झाली. शेवटची नोंद साहेबांनी खोडली.

पण मन रमले ते महाडलाच. पोलादपूरहून खाली उतरणारी सावित्री महाडाशी येते तेव्हा तिला खाडीची भरती भेटते. पूर्वी गलबते इथवर येत. याच पाण्यात मगरींची वस्ती आहे. लोक त्यांना सरसकट सुसर म्हणतात. पुस्तकी विद्वान सांगतील की सुसर म्हणजे लांब चिमट्यासारख्या तोंडाची, आणि ही रुंद तोंडाची ती मगर. विद्वानांचे बरोबर आहे. पण नदीकाठी उभे राहून गावच्या आजीबाईशी हा वाद घालण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

मगर उन्हाळ्यातच अंडी घालते. काठच्या उतारावर हातभर खोल खड्डा करते, वीस-तीस अंडी घालते, माती ओढून घेते आणि मग दोन महिने जवळपास पाण्यात राहून राखण करते. त्या मातीच्या उबेवर, पिल्लू नर निघणार की मादी, हेही ठरते. मुंगूस, घोरपड, डुक्कर, कोल्हा, सगळ्यांचा डोळा त्या खड्ड्यावर असतो. आणि माणसाचाही, भीतीपोटी.

2005 च्या जुलैत महाड तालुक्यात दरडी कोसळल्या, पूर आला. त्यानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या उन्हाळ्याची ही गोष्ट. माझ्या बीटमध्ये नदीकाठचे एक गाव होते. पुढे नदी, पाठीशी डोंगर. गावाचे नाव सांगत नाही, कारण मंडळी अजून तिथे आहेत. बायका जिथे धुणे धूत त्याच्या थोडे खाली मगरीने घरटे केले. त्याच आठवड्यात एक कुत्रे नाहीसे झाले. झाले! पन्नास माणसे काठ्या, पहारी घेऊन काठावर जमली. मी एकटा, आणि माझ्याजवळ 1972 चा वन्यजीव कायदा. तो मी म्हणून दाखवला. कोणावर काही परिणाम झाला नाही.

तेव्हा गर्दीतून आबा पुढे आले. सत्तरीचे गृहस्थ, गुडघ्यापर्यंत धोतर, कानात विडी. म्हणाले, “वाळणच्या कोंडीतले मासे कोणी मारतं का रे?” काळ नदीवर वाळण म्हणून गाव आहे. तिथल्या कोंडीतले मोठाले मासे देवीचे. पिढ्यान् पिढ्या त्यांना कोणी गळ घातलेला नाही. सगळ्यांनी नाही म्हटले. “मग? ते देवीचे, तर ही आपल्या नदीची. दोन महिने धुणं वरच्या अंगाला धुवा. बायांनो, तिथला कातळ मी साफ करून देतो.”

आणि खरोखरच त्यांनी दुसऱ्या दिवशी पुतण्याला घेऊन कातळ घासून दिला. घरट्यापासून अंतर राखून करवंदीच्या काट्यांचे कुंपण आम्ही दोघांनी मिळून घातले. मग रोज संध्याकाळी मी फेरीवर गेलो की आबा वडाखाली बसलेले असत. “आहे हो साहेब, बाई जागेवर आहे.” माझ्यासारख्या गार्डाला ते साहेब म्हणत, मी त्यांना आबा म्हणे.

आता राबाविषयी सांगायला हवे. आमच्याकडे भाताचे रोप टाकण्याआधी तरव्याची जमीन भाजतात. शेण, ऐन-किंजळाच्या वाळल्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर थोडी माती पसरायची आणि पेटवायचे. तणाचे बी जळते, राखेचे खत होते, रोप तजेलदार येते. साहेबाच्या राज्यापासून जंगलखात्याचे आणि शेतकऱ्याचे यावरून वाजते आहे. 1885 साली ठाणे-कुलाब्यातल्या जंगलाच्या तक्रारींसाठी सरकारने कमिशन नेमले, त्यातही राबाचा प्रश्न होताच. राब भाजण्याची वेळ मात्र जाणत्याला ठाऊक असते. पहाटे किंवा वारा पडल्यावर. दुपारी खाडीकडून खारा वारा सुटतो आणि तो सरळ डोंगर चढतो.

एप्रिलअखेरच्या एका दुपारी डोंगराने पेट घेतला. मी पोहोचलो तेव्हा वाळलेल्या गवतातून आग माणसाच्या धावण्याच्या वेगाने वर जात होती. गावातली दहा-बारा माणसे आली. शेजारच्या कातकरीवाडीतले आठ जण आले. खरे काम त्यांनीच केले. वरच्या सोंडेवर उलटी आग लावायची कल्पना त्यांच्यातल्याच एकाची. ती मूळ आगीला जाऊन भिडली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. खात्याने दोन पावसाळ्यांपूर्वी लावलेली खैर-शिवणीची रोपे सगळी गेली. जाळीच्या तळाशी रानकोंबडीची अंडी भाजून निघालेली दिसली. माझ्या भुवया जळल्या होत्या. त्या पुढे उगवल्या, पण डावी जरा विरळच.

सकाळी मी गुन्ह्याचे पुस्तक काढले. अशा वेळी लिहायचा एक ठराविक मजकूर असतो : ‘अज्ञात इसमाने आग लावली.’ पंचनामा होतो, कागद वर जातो, आणि बहुधा तिथेच विझतो. आग कुठून निघाली हे मला पावलांच्या खुणेवरून कळले होते. काळा पट्टा आबांच्या तरव्यापासून सुरू होत होता. पुतण्याला मुंबईची गाडी गाठायची होती, म्हणून त्याने राब दुपारीच पेटवला होता. मी लिहिले, ‘अज्ञात इ...’ आणि दारात आबा उभे.

“काय लिहिताय?”

मी सांगितले.

“ते खोडा. माझं नाव घाला. तरवा माझा, राब माझा.”

“आबा, कशाला? दंड होईल, हेलपाटे पडतील.”

“साहेब, तुम्ही अज्ञात लिहाल. चार दिवसांनी वरून कोणी तरी विचारायला येईल. मग अज्ञात म्हणून कोणाला उचलतात, तुम्हाला ठाऊक नाही? वाडीतल्या पोरांना. काल विझवायला तीच आली होती.”

मला ठाऊक होते. तीन वर्षांपूर्वी मीच एका अज्ञात इसमाची नोंद केली होती, आणि वाडीतले दोघे जण दोन दिवस कचेरीच्या ओट्यावर बसून होते. पुढे काही निष्पन्न झाले नाही. त्यांची दोन दिवसांची मजुरी बुडाली ती बुडालीच. त्या वेळी त्यांचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता, हे आज लिहिताना लाज वाटते.

मी नाव लिहिले. आबांनी अंगठा नाही, सही केली. चौथीपर्यंत शिकलेले होते. प्रकरण दंडावर मिटले, पण दंडासाठी त्यांना दुभती म्हैस विकावी लागली. रकमेत काही सवलत व्हावी म्हणून मी दोनदा शब्द टाकला. माझ्या शब्दाचे वजन किती ते मला त्या दिवशी कळले.

त्यानंतर वडाखालची जागा रिकामी राहू लागली. कुंपण मात्र कोणी तरी डागडुजी करून ठेवी. रस्त्यात गाठ पडली तर आबा ‘राम राम’ म्हणत आणि पुढे जात. सूनबाई तोंड फिरवी. तिचे काही चुकत नव्हते. घरात लहान मूल, आणि दूध आता विकत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाची एक सर येऊन गेली. त्या रात्री दहाच्या सुमाराला एक पोरगा माझ्या दाराशी आला. “आबांनी बोलावलंय. बॅटरी आणू नका म्हणाले.”

आम्ही वडाच्या मुळाशी पालथे पडलो. मातीच्या आतून बारीक, बेडकासारखा आवाज येत होता. पिल्ले आईला हाका मारत होती. बऱ्याच वेळाने पाणी हलले. ती वर आली, पुढच्या पायांनी माती उकरू लागली. मग तिने जबडा उघडला आणि ज्या जबड्याची पन्नास माणसांनी धास्ती घेतली होती, त्यात एकेक पिल्लू हळूच उचलून ती पाण्याकडे नेऊ लागली. चांदण्यात मोजणे कठीण होते. मी सतरा मोजली. आबा म्हणाले एकोणीस.

दुसऱ्या दिवशी नोंदवहीत मी एकोणीस लिहिली.

परत येताना ते म्हणाले, “साहेब, पुढल्या वर्षी राब भाजायच्या आधी तुम्हाला सांगेन. पहाटे या. चार माणसं उभी असली की बरं.” मग विडी पेटवून काडी त्यांनी थुंकीने विझवली, पायाने चुरली, आणि माझ्याकडे पाहिले.