किती प्यायलो, की किती वेळा?

'शीतपेयांनी दात खराब होतात' हे वाक्य तुम्ही घरी शंभरदा ऐकले असेल. पण का, हे कोणी सांगितले आहे का? नुसती मनाई विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पटू नये. मी दातांचा डॉक्टर नव्हे, भौतिकशास्त्राचा शिक्षक. तेव्हा आपण आकडेच पाहू.

द्रव किती आम्लधर्मी आहे, हे 'सामू'ने मोजतात. शुद्ध पाण्याचा सामू ७. दातांवरचे एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. परंतु तोंडातला सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला, की त्यातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. कोला पेयांचा सामू असतो सुमारे २.५! फरक अवघा ३ चा वाटतो ना? पण ही मोजपट्टी निराळी आहे. तिची एक पायरी उतरलो, की हायड्रोजन आयनांचे प्रमाण दसपट होते. तीन पायऱ्या म्हणजे १,००० पट!

हा झाला पहिला हल्ला. दुसरा साखरेचा. ३०० मिलिलिटर कोलात सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. दातांवरच्या थरातील जीवाणू तिच्यापासून आणखी आम्ल बनवतात. 'बिनसाखरेचे' पेय दुसरा हल्ला टाळते, पहिला नाही.

मग आपले दात टिकतात तरी कसे? श्रेय लाळेचे. ती आम्ल धुऊन काढते आणि गेलेली खनिजे काही अंशी परतही देते. मात्र तिला साधारण अर्धा तास तरी लागतो. म्हणून माझे म्हणणे असे, की 'किती प्यायलो' याइतकेच 'किती वेळा प्यायलो' हेही महत्त्वाचे. जेवणाबरोबर एकदाच पेलाभर पिण्यापेक्षा तेवढेच पेय दप्तरात ठेवून तीन तास घोट घोट पिणे अधिक वाईट. दर घोटाला लाळेचे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू! लिंबाच्या सरबतालाही हाच नियम लागू. घरचे म्हणून दात त्याला सवलत देत नाहीत.

जास्त साखरेचे पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि आवारापासून ५० मीटरांच्या आत मुलांना विकू नयेत, असा नियम भारतात २०२० साली झाला. नियम चांगलाच, पण मनाईने तहान भागत नाही. शाळेच्या नळाला स्वच्छ, गार पाणी असेल, तर बाटलीची आठवण कशाला होईल? आपल्या शाळेत ते नसेल, तर मुख्याध्यापकांकडे जरूर मागा. तो तुमचा हक्क आहे.

मोडलेले हाड सांधते. एनॅमल बनवणाऱ्या पेशी मात्र दात उगवल्यावर उरतच नाहीत. झिजलेला थर पुन्हा येत नाही. तेव्हा एक आठवडा वहीत फक्त घोटांच्या वेळा लिहून पाहा. पुढचा निर्णय तुमचा तुम्हीच घ्याल, अशी माझी खात्री आहे.