संगणकाच्या गप्पा : बाणाचं टोक कुठे असतं?

बालमित्रांनो, माऊस हलवला की पडद्यावर एक छोटासा बाण पळत सुटतो. तोच आपला कर्सर. दिसायला एवढासा, पण त्याला शिकवावं मात्र बरंच काही लागतं! आज त्याचंच गुपित पाहू या.

१९८४ साली अमेरिकेतल्या अ‍ॅपल कंपनीने मॅकिंटॉश संगणक बाजारात आणला. त्याचा पडदा होता काळा-पांढरा. त्यावर चित्रं काढण्यासाठी बिल अ‍ॅटकिन्सन यांनी 'क्विकड्रॉ' नावाची लायब्ररी लिहिली होती. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांचं कपाट नव्हे बरं का! रेघ काढ, गोल काढ, कर्सर बदल अशा तयार आज्ञांचा तो साठा.

क्विकड्रॉला कर्सरबद्दल तीन गोष्टी सांगाव्या लागत. पहिली, चित्र : आडवे १६ आणि उभे १६ ठिपके. दुसरी, तेवढ्याच आकाराचा मुखवटा. आणि तिसरी, हॉटस्पॉट म्हणजे नेमका बिंदू.

आता तुम्ही म्हणाल, चित्र आहे तर मुखवटा कशाला? समजा, नुसता काळा बाण काढला आणि तो काळ्या चित्रावर गेला, तर दिसेल का? नाही ना! शिवाय बाणाभोवतीचा रिकामा भाग पांढरा रंगवला, तर पडद्यावर पांढरा चौकोनच फिरू लागेल. म्हणून प्रत्येक ठिपक्यासाठी दोन आकडे. मुखवट्यात १ आणि चित्रात १ असेल तर ठिपका काळा. मुखवट्यात १, चित्रात ० असेल तर पांढरा. दोन्हीकडे ० असेल तर खाली जे आहे तेच दिसतं. आणि मुखवट्यात ०, चित्रात १ असेल तर गंमतच : खालचा काळा पांढरा होतो, पांढरा काळा! मुखवट्यामुळे काळ्या बाणाला पांढरी किनार देता येते, आणि मग तो कुठेही उठून दिसतो.

जरा हिशोब करा. १६ गुणिले १६ म्हणजे २५६ ठिपके, म्हणजे ३२ बाइट. अशी दोन चित्रं, ६४. हॉटस्पॉटचे ४. एकूण फक्त ६८ बाइट!

हॉटस्पॉट तर फारच महत्त्वाचा. पेन्सिल हातात अख्खी असते, पण उमटतं फक्त टोक. तसंच संगणकाच्या दृष्टीने अख्खा बाण कुठे आहे याला महत्त्व नाही, तो एक बिंदू कुठे आहे याला आहे. बाणाचा हॉटस्पॉट टोकाला, अधिक चिन्हाचा मध्यभागी. तो चुकून शेपटीला ठेवला तर? तुम्ही दाखवाल 'साठव' आणि दाबलं जाईल शेजारचं 'पुसून टाक'! तासाभराची मेहनत गेली की हो!

कर्सर लपवताही येतो. पण तिथे एक शिस्त आहे : जितक्या वेळा लपवला, तितक्याच वेळा 'दाखव' म्हणायचं. का बरं? बाळ झोपलंय म्हणून आईने टीव्ही बंद ठेवायला सांगितला, आणि अभ्यास आहे म्हणून ताईनेही. ताईचा अभ्यास संपला म्हणून लगेच टीव्ही लावायचा का? छे! बाळ अजून झोपलेलं आहे. प्रोग्रामचंही असंच. एका भागाचं काम संपलं तरी दुसऱ्याचं चालू असू शकतं. म्हणून क्विकड्रॉ मोजणी ठेवत असे. एखादं 'दाखव' विसरलं, की कर्सर गायब!

मॅकिंटॉशची पुष्कळशी चित्रचिन्हं सुझन केअर या चित्रकर्तीने काढली. सुरुवातीला त्यांनी चौकटींचा कागद वापरला होता. म्हणजे संगणक नसला तरी सुरुवात करता येते!

चला तर मग, गणिताची चौकटींची वही घ्या. १६ बाय १६ चा चौकोन आखा. पतंग, मासा, भोवरा, काहीही काढा. काळ्या चौकटीत 'का', पांढऱ्या किनारीत 'पां' लिहा, बाकी रिकाम्या सोडा. मग एका चौकटीला लाल गोल करा, तोच हॉटस्पॉट. पतंगाचा कुठे ठेवाल? भोवऱ्याचा तर आरीलाच, नाही का?

आणि आईबाबा, घरी संगणक असेल तर पायथन भाषेतली 'पायगेम' ही लायब्ररी मोफत मिळते. तिच्यातही चित्र, मुखवटा आणि हॉटस्पॉट देऊन कर्सर बनवता येतो. मुलांच्या वहीतला मासा पडद्यावर पोहू लागला, की त्यांचे चेहरे जरूर पाहा!