विमानावरचे नाव, मुखेडचा सारा

आजोबांच्या बॉम्बफेकी विमानाच्या नाकावर कोणते चित्र होते, शेपटीकडे कोणता क्रमांक होता, हे इंग्लंड-अमेरिकेतली नातवंडे जिद्दीने शोधून काढतात. लॉगबुक, तुकडीचे रोजनामे, एखादा पुसट फोटो, जे हाती लागेल ते ताडून पाहतात. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडला या शोधाशी काय देणेघेणे, असे कोणालाही वाटेल. पण देणे होते, आणि ते मुखेडने चुकते केले आहे.

लंडनच्या हेंडन भागातील ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयात 'एफ १०१०' क्रमांकाचे डीएच-९ए विमान उभे आहे. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, पुढे वैमानिक, त्याच्या पाठीमागे मशीनगनवाला निरीक्षक. हे ११० क्रमांकाच्या तुकडीचे विमान. या तुकडीची सुरुवातीची विमाने हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी भेट दिली होती आणि तसा मजकूर विमानांच्या अंगावर रंगवलेला असे. ५ ऑक्टोबर १९१८ च्या जर्मनीवरील हल्ल्यातून एफ १०१० परतलेच नाही. ते शत्रूच्या हाती लागले, बर्लिनला गेले, पुढे पोलंडमधील क्राकोव्हला पोहोचले आणि १९७७ मध्ये एका स्पिटफायरच्या बदल्यात इंग्लंडला आले. तुकडीला 'हैदराबाद' हे नाव कायमचे चिकटले. दुसऱ्या महायुद्धात याच नावाच्या १५२ क्रमांकाच्या तुकडीने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या स्पिटफायरवर झेप घेणारा काळा बिबट्या रंगवला होता.

आता मुखेड. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या मुलखात होतो आणि त्या राज्याचा मोठा आधार शेतसारा होता. भेटीची रक्कम दिवाणी खजिन्यातून गेली की निजामाच्या खासगी सर्फ-ए-खासमधून, हे दप्तर उघडूनच ठरवावे लागेल. दोन्हीकडचा पैसा मात्र आला रयतेच्या शिवारातून. पाऊस दगा देवो की साथ, पटवाऱ्याच्या वहीत बाकी चढतच असे आणि ती निजामाच्या हाली रुपयांत फेडावी लागे. ज्वारी विकून सारा भरणाऱ्याचे नाव त्या विमानावर कुठेही नाही. मला ही गोष्ट फार लागते.

जुनी कागदपत्रे कशी शोधायची, हे मराठवाड्याला आता कोणी शिकवायला नको. कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांतली उर्दू, मोडी दप्तरे धूळ झटकून बाहेर आली. वाचणारे म्हातारे जाणकार शोधून आणावे लागले. ते जाणकार आहेत तोवर आणखी एक काम त्यांच्याकडून करून घ्यावे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने इतिहासाचे दोन विद्यार्थी हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात पाठवावेत आणि १९१७-१८ च्या त्या भेटीचा हिशेब काढावा. कोणत्या खात्यातून, किती, त्या साली मुखेड, देगलूर, कंधार भागाचा सारा किती आणि सूट किती. ज्यांच्या घरी दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलेल्या आजोबा-पणजोबांचे पेन्शनचे कागद, पदक किंवा बिल्ला असेल, त्यांनी त्याची प्रत विद्यापीठाला द्यावी. येत्या १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, एफ १०१० चा मोठा फोटो मुखेडच्या शाळांत लावावा आणि त्याखाली सारा भरणाऱ्या गावांची यादी लिहावी.