मीटर नवे, वायर आजोबांच्या काळातली

गेल्या काही वर्षांत इंदूरमध्ये वीज कंपनीने स्मार्ट मीटर बसवले. त्यावर आपल्या समाजात पुष्कळ चर्चा झाली. मीटर पळते का, बिल वाढते का, रीडिंग कोण तपासणार, हे प्रश्न बैठकींत निघाले आणि ते योग्यच होते. पण त्या मीटरच्या पुढे, भिंतीच्या आत काय आहे, हा प्रश्न मात्र कोणी काढला नाही. कायद्याने मीटरपर्यंतची जबाबदारी कंपनीची आणि मीटरच्या पुढची जबाबदारी घरमालकाची. जुनी इंदूर, मल्हारगंज, रामबाग या भागांत आपल्या ज्या जुन्या वास्तू आजही उभ्या आहेत, त्यांतली ही दुसरी जबाबदारी गेल्या दोन पिढ्यांत कोणी मनावर घेतलेली दिसत नाही, असे आम्हांला खेदाने म्हणावे लागते.

जुन्या वाड्यांतली वायरिंग आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. सागवानी पट्टीवर ठोकलेली रबरी वायर, पोर्सेलीनचे कट-आउट, काळी गोल बटणे आणि दोन छिद्रांचे प्लग. ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत वायरिंग बदलली, त्यांच्या घरात तांब्याच्या टंचाईमुळे बहुतेक अॅल्युमिनियमची वायर आली. त्या वेळी घरात होते काय? चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ. तेवढ्या भारासाठी ते काम चांगलेच झाले होते. आज त्याच वायरवर फ्रिज, कूलर, गिझर, मिक्सर, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन शेगडी चालते. रबराचे आयुष्य संपले की ते कडक होऊन तडकते, अॅल्युमिनियम जोडाशी सैल पडते आणि सैल जोड तापतो. बोर्डाजवळ जळका वास येणे किंवा बटण काळे पडणे याला आपण ‘होल्टेज कमी-जास्त’ म्हणून सोडून देतो. तो वास म्हणजे सूचना आहे.

यात नियम काय सांगतो, ते पाहू. १९५६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी मध्य प्रदेश राज्य झाले त्याच वर्षी, भारतीय विद्युत नियम लागू झाले. त्यातल्या ४५ व्या नियमाने सांगितले की दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडून घरातले विजेचे कोणतेही काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच, योग्यतेचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली व्हावे. ३३ व्या नियमाने वीज पुरवणाऱ्यावर बंधन घातले की ग्राहकाच्या जागेत पुरवठा सुरू होतो तिथे अर्थिंगचे टर्मिनल त्यानेच द्यावे आणि सांभाळावे. आणि ४६ व्या नियमाने सांगितले की चालू जोडणीची तपासणी जास्तीत जास्त पाच वर्षांनी एकदा, निरीक्षकाने किंवा राज्य सरकार सांगेल त्याप्रमाणे पुरवठादाराने करावी.

पुढे २००३ चा विद्युत कायदा आला, २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले आणि त्यांच्या जागी २०२३ चे नवे विनियम आले. यांच्याबरोबर भारतीय मानक संस्थेची राष्ट्रीय विद्युत संहिता आहे. ती प्रथम १९८५ मध्ये निघाली, २०११ आणि २०२३ मध्ये सुधारली गेली. म्हणजे कागदावर काही कमी नाही. आता वाचकांनीच आठवून सांगावे, आपल्या वाड्यात पाच वर्षांनी एकदा वायरिंग तपासायला कोणी आले होते काय? थकबाकीची नोटीस घेऊन माणूस येतो, मीटर बदलायला येतो. तपासणीला आलेला माणूस आमच्या तरी ऐकिवात नाही.

त्यामुळे आपल्या घरातली परिस्थिती आपणच समजून घेतली पाहिजे. चार गोष्टी आम्ही विशेष महत्त्वाच्या समजतो.

पहिली गोष्ट अर्थिंग. तीन पिनांचा बोर्ड बसला म्हणजे अर्थिंग झाली, असा सर्वसाधारण समज आहे. कित्येक जुन्या घरांत अर्थिंगची वायर नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असे. पुढे नळाचे पाइप प्लॅस्टिकचे झाले आणि कोणाच्या लक्षात न येता अर्थिंग संपली. वायर जागेवर आहे, पण ती जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. ज्यांच्या अंगणात कोळसा-मीठ घालून पाइप पुरला होता, तिथेही वर्षानुवर्षे पाणी घातलेले नसते आणि फरशीखाली तो पाइप कुठे गेला हे घरात कोणाला ठाऊक नसते. फ्रिजला किंवा वॉशिंग मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर यंत्राला दोष देण्याआधी अर्थिंग मोजून घ्यावी.

दुसरी गोष्ट याहून वाईट. अर्थिंग नसलेल्या घरात झिणझिण्यांची तक्रार केली की काही वायरमन बोर्डाच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांची पिन तारेच्या तुकड्याने जोडून देतात. झिणझिण्या थांबतात, वायरमन पैसे घेऊन जातो. पण त्यानंतर कधी न्यूट्रलची वायर मागे कुठे तुटली किंवा फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, की फ्रिजच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. ज्या तारेने जीव वाचवायचा, तीच जीव घेते. ही युक्ती कोणी सुचवली तर त्याला स्पष्ट नकार द्यावा. तसेच बटण नेहमी फेजवर असावे, आणि जुन्या दुहेरी कट-आउटमध्ये न्यूट्रललाही फ्यूज असेल तर तो काढून टाकावा. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा बंद होतो, पण होल्डरमध्ये वीज राहतेच.

तिसरी गोष्ट भाराची. हा साधा हिशोब आहे आणि हिशोब हे आमचे रोजचे काम. १९८५ च्या संहितेप्रमाणे दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नसावेत आणि भार ८०० वॅटच्या पुढे जाऊ नये. मोठ्या यंत्रांच्या पॉवर सर्किटवर दोनच सॉकेट असावेत. आता २००० वॅटचा गिझर घ्या. २००० भागिले २३०, म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. तो ५ अँपिअरच्या जुन्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून चालवला, तर वायर तापणारच. फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार घातली, तर फ्यूज राहतो आणि वायर जळते. गिझर, एसी, इंडक्शन शेगडी यांना स्वतंत्र सर्किट, आयएसआय मार्कची तांब्याची जाड वायर आणि १६ अँपिअरचे सॉकेट हवे. साधारणपणे दिव्यांना दीड, पॉवर सॉकेटला अडीच आणि एसी-गिझरला चार चौरस मिलिमीटरची वायर घालतात.

चौथी गोष्ट आरसीसीबी. एमसीबी बसवली म्हणजे आपण सुरक्षित, असे अनेकांना वाटते. एमसीबी वायरचे रक्षण करते, माणसाचे नाही. माणसाच्या अंगातून ३० मिलिअँपिअरच्या पुढे करंट वाहू लागला की जीव धोक्यात येतो. साठ वॅटचा एक जुना बल्ब सुमारे २६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे नऊ माणसांना धोका होईल इतका. आणि ६ अँपिअरची एमसीबी ६००० मिलिअँपिअरपर्यंत हूं की चूं करत नाही. आरसीसीबी मात्र गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची सतत तुलना करते. आमच्या भाषेत सांगायचे तर जमा आणि खर्च जुळले नाहीत की ती खाते तत्काळ बंद करते. घरासाठी ३० मिलिअँपिअरची घ्यावी आणि तिच्यावरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

मात्र जुन्या वायरिंगवर आरसीसीबी बसवली की ती वारंवार पडते, अशी तक्रार येते. वायरमन सांगतो, ‘पीस खराब आहे’, आणि ती बाजूला काढून थेट जोडणी देतो. खरे म्हणजे वायरमधून गळती होते आहे किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले आहेत, हेच ती सांगत असते. ५०० व्होल्टच्या मेगरने तपासणी करून घ्यावी. आकडा एक मेगओहमच्या खाली आला तर दुरुस्ती टाळू नये.

हे सर्व माहीत असूनही काम होत नाही, त्याची कारणे विजेची नाहीत, घरातली आहेत. वाडा सामायिक आहे. एक भाऊ पुण्याला, दुसरा बंगळुरूला, पुतण्या परदेशात. वाटणीचा दावा चालू आहे, मग वायरिंगचा खर्च कोणी करायचा? खाली जुना भाडेकरू आहे. मालक म्हणतो भाडे वाढवा मग करतो, भाडेकरू म्हणतो आधी करा. आणि या सगळ्या वादात वाड्यात प्रत्यक्ष राहतात ते काका-काकू किंवा एकट्या आजी, ज्यांच्या हाताशी ओले न्हाणीघर आणि जुना गिझर आहे. दावा निकाली निघेल तेव्हा निघेल. अर्थिंग आणि आरसीसीबी यांचा खर्च हिश्श्यांप्रमाणे वाटून, तो खर्च कोणाच्याही हक्काला बाध आणत नाही असे चार ओळींत लिहून, सर्वांनी सह्या कराव्यात. घरकर्जाच्या फायलींत मालकीचा शोध असतो, मूल्यांकन असते. भिंतीतल्या वायरची कोणी विचारणा करत नाही. ती विचारणा कुटुंबानेच करायची आहे.

नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्यूरोच्या अलीकडच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने होणाऱ्या मृत्यूंचा देशातला आकडा वर्षाला बारा हजारांच्या आगेमागे आहे. इतके बळी घेणारा विषय कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात दिसत नाही. वीज बिल माफी दिसते, सवलतीचे युनिट दिसतात. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला आपण तीन गोष्टी विचाराव्यात, मग निवडणूक पालिकेची असो की विधानसभेची. जुन्या वस्त्यांतल्या घरांची नाममात्र शुल्कात तपासणी करण्याची मोहीम सरकार घेणार काय? परवानाधारक ठेकेदारांची यादी प्रत्येक झोन कार्यालयात लावली जाणार काय? आणि कंपनीने द्यावयाचे अर्थिंगचे टर्मिनल नव्या मीटरबरोबर तपासले जाणार काय?

कंपनीकडेही तोंडी तक्रार करून थांबू नये. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास २००३ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमाने ग्राहक तक्रार निवारण फोरम आणि त्यावर लोकपाल, असे दोन दरवाजे आपल्याला दिलेले आहेत.

दुसऱ्याला सांगण्याआधी घरचे पाहावे, या न्यायाने आपल्या मंडळांनीही आपली सभागृहे आणि कार्यालये आधी तपासून घ्यावीत. गणेशोत्सवात मांडवाला वीज देताना एका बोर्डावरून दहा वायरी ओढण्याची रीत बंद व्हावी. समाजातल्या निवृत्त विद्युत अभियंत्यांनी महिन्यातले दोन रविवार दिले, तर एका वर्षात आपल्या बहुतेक जुन्या घरांची पाहणी होऊ शकेल. अशा ज्येष्ठांनी आणि ज्या घरांना पाहणी हवी आहे त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नावे नोंदवावीत. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, तेव्हा हे काम त्याआधी झालेले बरे.