सोयरिकीचे दप्तर

मराठ्यांच्या जुन्या घराण्यांचा मागोवा घेणाऱ्यास एक अनुभव हटकून येतो. कोणत्या घराण्याची सोयरीक कोणत्या घराण्याशी झाली हे कळते, त्या सोयरिकीचे राजकारणही कळते, परंतु जिच्यामुळे ती सोयरीक झाली त्या मुलीचे नाव मात्र नीटसे हाती लागत नाही. मालोजीराजे भोसल्यांची पत्नी फलटणच्या निंबाळकरांची कन्या होती, याबद्दल वाद नाही. तिचे नाव मात्र कोठे उमाबाई, तर कोठे दीपाबाई असे येते. माहेरचे नाव एक आणि सासरचे दुसरे, हा आपला रिवाज. त्यामुळे मांडवातून बाहेर पडताच स्त्रीचा कागदोपत्री धागा तुटतो आणि तीनशे वर्षांनंतर तो जुळविणाऱ्याची तारांबळ उडते.

घराण्यांच्या पातळीवर पाहिले तर हे जाळे किती घट्ट विणलेले होते ते ध्यानात येते. फलटणकरांची कन्या सईबाई 1640 साली शिवाजीराजांची पत्नी झाली. तिची मुलगी सखूबाई पुन्हा फलटणलाच, बजाजी निंबाळकरांचे पुत्र महादजी यांना, म्हणजे सख्ख्या मामाच्या मुलाला दिली गेली. बजाजी धर्मांतरानंतर स्वधर्मात परतलेले होते. अशा घरात आपली मुलगी देणे हा शिवाजीराजांनी समाजाला दिलेला निकालच होता. मोहित्यांचे घराणे पाहावे. तुकाबाई शहाजीराजांची पत्नी, तिची भाची सोयराबाई शिवाजीराजांची आणि सोयराबाईची भाची, हंबीररावांची कन्या ताराबाई, राजारामांची. तीन पिढ्यांत तीन मुली एकाच घरात आल्या. शिर्क्यांशी तर साटेलोटे होते. पिलाजींची कन्या येसूबाई संभाजीराजांस आणि शिवाजीराजांची कन्या राजकुंवरबाई गणोजी शिर्क्यांस. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर सोयरीक हा त्या काळचा विमा होता. ज्या मुलखात सत्ता दर दहा वर्षांनी हात बदलते, तेथे करारपत्रापेक्षा जावई अधिक भरवशाचा.

प्रश्न असा की, एवढ्या महत्त्वाच्या व्यवहाराची सरकारी नोंद इतकी विरळ का? येथे मध्ययुगीन इंग्लंडशी तुलना उद्बोधक ठरते. तेथील सरदार घराण्यांतील विवाहांचा माग आजचे अभ्यासक आठशे वर्षे मागे जाऊन काढतात. इंग्रज अधिक शिस्तीचे होते म्हणून हे घडले असे मानण्याचे कारण नाही. तेथे विवाहात राजाचा पैसा अडकलेला होता. सरदार वारला आणि वारस अज्ञान असला की त्याचे पालकत्व व त्याचा विवाह ठरविण्याचा हक्क राजाकडे जाई, आणि राजा हे दोन्ही हक्क चक्क विकत असे. विधवेचा पुनर्विवाहही राजाच्या परवानगीने होई. दुसऱ्या हेन्रीच्या कारकीर्दीत 1185 साली तयार झालेली एक यादी आज उपलब्ध आहे. राजाच्या अखत्यारीतील विधवा व अज्ञान वारस यांची ती यादी असून तिच्यात वये, मुलांची संख्या, जमिनीचे मूल्य व गुरेढोरे यांची नोंद आहे. एखाद्या चोख कारकुनाने केलेली मालमत्तेची मोजदादच ती. 1215 च्या मॅग्ना कार्टातील सातवे व आठवे कलम विधवेला तिचा वाटा तत्काळ मिळावा आणि तिच्यावर पुनर्विवाहाची सक्ती होऊ नये, असे बजावते. त्यामागे हाच बाजार होता.

शिवाय पतीच्या जमिनीपैकी एक तृतीयांश भाग विधवेकडे तहहयात राही. सरदाराच्या मृत्यूनंतर जमिनीची चौकशी होई तेव्हा तिच्या या वाट्याचा हिशेब करावा लागे, आणि हिशेब करायचा तर तिचे नाव लिहिणे भाग होते. तिसरा धागा धर्मपीठाचा. 1215 च्या लॅटरन परिषदेने चार पिढ्यांपर्यंतच्या नात्यात विवाह निषिद्ध ठरविला. सरदार घराणी तर एकमेकांत गुंतलेली. तेव्हा पोपची खास परवानगी घ्यावी लागे. जॉन ऑफ गाँट आणि लँकेस्टरची ब्लांश यांचा 1359 चा विवाह अशाच परवानगीने झाला. अर्ज आला की दप्तर आलेच. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल मराठ्यांत शिष्टसंमत असल्याने परवानगीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. जेथे हरकत नाही, तेथे अर्ज नाही, आणि अर्ज नाही तेथे कागदही नाही.

मराठी मुलखातही लग्नटका, पाटदाम अशा बाबी महसुलात होत्या. परंतु वधू कोणाला द्यावी हे ठरविण्याचा हक्क त्यामुळे सरकारकडे जात नव्हता. तो भाऊबंद आणि जातगोत यांच्याकडेच राहिला. वतन चाले ते पुरुषाच्या वंशात. म्हणून आपली महजरे, करीने आणि कैफियती वतनाच्या भांडणांनी भरलेल्या आहेत आणि त्यांत पुरुषांची नावे पिढ्यान् पिढ्या सापडतात. नोंद ठेवण्यास श्रम व खर्च लागतो. ज्याचा लाभ असेल तोच तो खर्च सोसतो. थोडक्यात, विवाहाची नोंद विवाहामुळे टिकत नाही, त्यातून निर्माण होणाऱ्या हक्कामुळे टिकते.

या नियमाचा सर्वांत बोलका पुरावा आम्हा बंगळूरकर मराठी मंडळींच्या पायाखालीच आहे. 1638 मध्ये रणदुल्लाखानाच्या विजापुरी फौजेने केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांच्या पश्चात व्यंकोजीराजे आणि शिवाजीराजे यांच्यात वाटणीचा तंटा झाला. 1677 च्या दक्षिण मोहिमेनंतर तो मिटला, आणि मिटविण्यात व्यंकोजींच्या पत्नी, इंगळे घराण्यातील दीपाबाई यांचा वाटा होता. त्या तहान्वये बंगळूर, होसकोटे आणि शिरे हे प्रांत दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी देण्यात आले. शब्द घरगुती, पण व्यवहार महसुली! ज्या शहरावर तिचा हक्क लिहिला गेला, त्याच्या नोंदीत तिचे नावही राहिले. पुढे 1687 मध्ये मोगलांनी बंगळूर घेतले आणि नंतर ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेले. हक्क दहा वर्षेही टिकला नाही, नाव मात्र टिकले.

दुसरे उदाहरण तंजावरचे. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर सर्फोजीराजे दुसरे यांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. घरापासून शेकडो कोस दूर, तमिळ मुलखात नांदणाऱ्या एका राजवंशाला आपण कोण, कोणाचे, हे दगडावर लिहून ठेवावेसे वाटले. परमुलखात राहणाऱ्यांना नोंदीचे मोल घरच्यांपेक्षा लवकर कळते, असे माझे मत आहे.

हा सारा विषय हौशी वंशावळकारांचा आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने अलीकडच्या घडामोडी पाहाव्यात. सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कुणबी नोंदींच्या शोधात जुनी महसुली दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. 26 जानेवारी 2024 च्या प्रारूप अधिसूचनेत ‘सगेसोयरे’ या शब्दाची व्याख्या करण्याचा प्रयत्न झाला. सजातीय विवाहातून जुळलेले नाते पुराव्यात धरावे काय, हा त्यातील कळीचा मुद्दा. त्या मागणीच्या गुणदोषांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु प्रशासनाच्या दृष्टीने अडचण उघड आहे. पुरुषाच्या वंशाचा कागद आपल्यापाशी आहे, सोयरिकीचा नाही. शतकानुशतके जी नोंद ठेवलीच नाही, ती एका अधिसूचनेने कशी उपलब्ध होणार?

आजच्या नोंदींची स्थिती तरी निराळी आहे काय? कर्नाटकात विवाह नोंदणीचा कायदा 1976 चा, महाराष्ट्रात 1998 चा. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या प्रकरणात सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू कन्येला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. आता समजा, साताऱ्याकडील एक मुलगी लग्न होऊन बंगळुरात आली. शाळेच्या दाखल्यावर तिचे माहेरचे नाव, आधारपत्रावर सासरचे, विवाहाचे प्रमाणपत्र कर्नाटकचे आणि वडिलांची शेती महाराष्ट्रात. वडील वारल्यावर वारस नोंदीच्या वेळी ती आणि दाखल्यातील मुलगी एकच, हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर पडतो. भाऊ सज्जन असेल तर प्रतिज्ञापत्राने भागते. नसेल तर कायद्याने दिलेला हक्क नावाच्या घोळात अडकून पडतो. मालोजीराजांच्या पत्नीचे नाव उमाबाई की दीपाबाई, हा प्रश्न विद्वानांचा. हा प्रश्न मात्र पोटाचा आहे.

महाराष्ट्राने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम अनिवार्य केला, हे स्वागतार्ह पाऊल आहे. पण ते अपुरे आहे. विवाह नोंदवहीत, फेरफारात आणि मिळकतीच्या पत्रकात विवाहित स्त्रीची विवाहापूर्वीची व नंतरची अशी दोन्ही नावे शेजारी शेजारी असावीत, आणि एका राज्याची विवाह नोंद दुसऱ्या राज्याच्या तहसील कार्यालयाला थेट पडताळता यावी. यास नवा कायदा लागेलच असे नाही, नमुन्यात एक रकाना वाढविण्याची इच्छा लागेल. तसेच मोडी दप्तरांच्या सूची तयार होत असताना त्यांत स्त्रियांची नावे आणि त्यांची माहेरे यांची स्वतंत्र सूची व्हावी. हे काम पुण्याइतकेच तंजावरातही करण्याजोगे आहे.

नमुना बदलून समाज बदलत नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे, पण अर्धाच. रकान्यात नाव नसेल तर हक्काचा दावा करण्यापूर्वी माणसाला आपले अस्तित्व सिद्ध करावे लागते, आणि पुष्कळ दावे त्या पहिल्याच पायरीवर थकतात. इंग्लंडच्या राजाने विधवांची नावे लिहिली ती स्वतःच्या तिजोरीसाठी. लोकशाही शासनाने ती त्या स्त्रियांसाठी लिहावीत. परगावी स्थायिक झालेल्या वाचकांनी निदान एवढे तरी करावे: आपल्या वंशावळीत आई, आजी आणि पणजी यांची माहेरची नावे व गावे आजच लिहून ठेवावीत. सांगणारी माणसे आहेत तोवर हे काम एका संध्याकाळचे आहे.