चाकू कोणता घ्यावा?

दिवाळीच्या खरेदीची यादी घरोघर ठरलेली असते. उटणे, सुवासिक तेल, पणत्या, मुलांचे कपडे, लाडवांचा रवा, आणि उरलेल्या पैशांत एखादा दिवाळी अंक. हल्ली या यादीच्या तळाशी, जरा बारीक अक्षरांत, एक नवा जिन्नस दिसू लागला आहे. मुलगी शिकायला पुण्याला किंवा नगरला वसतिगृहात राहते. सुट्टी संपवून परत जाईल तेव्हा तिच्या पर्समध्ये एखादा लहानसा चाकू असावा, असे आईच्या मनात येते. वडील 'हो' म्हणतात आणि कामाला लागतात. साडीच्या दुकानात पाच मिनिटांत जांभया देणारा हा गृहस्थ चाकू निवडायला बसला की दोन-दोन तास मोबाईलमधून डोके वर काढत नाही. पाते दोन इंची बरे की तीन इंची? घडीचे की म्यानातले? मूठ लाकडी असावी की रबरी? गंज चढेल का?

प्राध्यापक म्हटला की त्याला सगळे ठाऊक असते, असा पालकांचा एक गोड समज आहे. त्यामुळे हा प्रश्न अधूनमधून माझ्याकडेही येतो. "सर, तुम्ही एवढ्या मुलींना शिकवता, तुम्हीच सांगा!" मी शिकवतो मराठी. धारेशी माझा संबंध फार तर तिखट टीकालेखांपुरता. तरीही हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तीन इंची पाते शोधणाऱ्या त्या बापाला खरे म्हणजे रात्रीची झोप हवी असते.

चाकू ही वस्तू आपल्या घरांना काही परकी नाही. आजोबांच्या बंडीच्या खिशात घडीचा चाकू असे. तो पेन्सिलीला टोक काढी, पेरूच्या फोडी करी, पुडक्याची सुतळी कापी. आजीची विळी तर स्वयंपाकघराची मालकीणच. पण यांपैकी कशाकडेही कोणी संरक्षणाचे साधन म्हणून पाहिले नव्हते. संरक्षणाचा चाकू आपल्या डोक्यात शिरला तो बहुतांशी सिनेमातून. खटका दाबताच उघडणारा तो रामपुरी चाकू खलनायकाच्या हाती चमकतो आणि नायक नुसत्या हातांनी तो पाच सेकंदांत हिसकावून घेतो. इतकी वर्षे आपण हे पाहत आलो. पण चाकू काढणाऱ्याच्या हातात तो शेवटपर्यंत राहतोच असे नाही, हा त्यातला बोध काही आपण घेतला नाही.

ही कल्पना घराच्या चार भिंतींत राहिली असेही नाही. 2012 च्या डिसेंबरात दिल्लीत जे घडले त्याने सारा देश हादरला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी 2013 मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या जयंतीच्या निमित्ताने शिवसेनेने मुंबईत स्त्रियांना लहान चाकू वाटले. पाते सुमारे तीन इंचांचे, आणि संख्या हजारांनी मोजावी अशी. वाटणाऱ्यांच्या संतापाविषयी शंका घेऊ नये. तो संताप तेव्हा सगळ्यांच्याच मनात होता. पण हातात चाकू दिला म्हणजे काय दिले आणि काय द्यायचे राहिले, हा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे.

चाकू विकत घेण्यापूर्वी घरच्या घरी एक प्रयोग करून पाहावा. चाकूऐवजी एक चमचा घ्यावा. तो मुलीच्या पर्समध्ये टाकावा. किल्ल्या, रुमाल, पाण्याची बाटली, फोनची वायर यांच्या सोबतीला. मग भावाने तिला मागून एकदम धरावे आणि तिने चमचा काढून दाखवावा. बहुतेक घरांत चमचा सापडेपर्यंत भाऊ हसून हसून बेजार होईल. पुढचे मात्र हसण्यासारखे नाही. घडीचा चाकू उघडायला बहुधा दोन हात लागतात, आणि त्या वेळी एक हात मोकळा असेलच असे नाही. लहान पात्याचा उपयोग करायचा तर हल्लेखोर हाताच्या अंतरावर यावा लागतो. म्हणजे ज्याच्यापासून दूर पळायचे त्यालाच जवळ येऊ द्यायचे. मुठीला आड नसेल तर जोर लावताना आपलाच हात पात्यावर घसरतो. शिवाय अंगाने दांडगा माणूस एका जखमेने जागच्या जागी थांबतो, हेही सिनेमातच. चाकू हिसकावला गेला, तर नुसत्या झटापटीत आता पाते आले, आणि ते आपण होऊन नेऊन दिलेले.

कायद्याचेही दोन शब्द ऐकून ठेवावेत. शस्त्र अधिनियम 1959 चा, आणि त्याखालचे आजचे नियम 2016 चे. घरकाम, शेती वा कारागिरीसाठी नसलेली, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे त्या नियमांच्या यादीत आहेत. म्हणून तीन इंची पाते खुशाल मिरवावे, असा अर्थ कोणी काढू नये. सणवार, मोर्चे, निवडणुका आल्या की महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली मनाईचे आदेश निघतात. ते लागू असताना सुरी, काठी, भाला असे काही घेऊन सार्वजनिक जागी फिरता येत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क मात्र भरभक्कम आहे. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत आला आहे. जिवावरचा प्रसंग, बलात्कार, अपहरण, आम्लहल्ला यांच्या रास्त भीतीत तो हल्लेखोराच्या प्राणापर्यंतही पोहोचतो. अट एवढीच, की बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करू नये. हा हक्क माणसाला दिलेला आहे, चाकूला नव्हे. नखे, दात, छत्री, रस्त्यावरचा दगड, सगळे त्यात बसते.

इथे कोणीतरी हमखास प्रतापगडाची आठवण काढतो. "महाराजांनी वाघनखांनीच काम भागवले ना!" गोष्ट खरी. 2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे तीन वर्षांच्या बोलीने साताऱ्याला आली, तेव्हा ती पाहायला लोटलेली गर्दी आपल्या स्मरणात आहे. पण 10 नोव्हेंबर 1659 च्या त्या भेटीचे वर्णन शांतपणे आठवून पाहा. अंगरख्याखाली चिलखत होते. मंदिलाखाली लोखंडी जिरेटोप होता. जवळ जिवा महाला होता, आणि सय्यद बंडा धावून आला तेव्हा तोच कामी आला. भेटीची जागा आपण निवडलेली होती आणि खालच्या जावळीच्या रानात माणसे दबा धरून बसली होती. इतकी सगळी जय्यत तयारी झाल्यावर सर्वांत शेवटी बोटांत चढवलेली वस्तू म्हणजे ती वाघनखे. आपण वाघनखे तेवढी लक्षात ठेवली आणि चिलखत विसरलो.

शस्त्र पुष्कळ आणि धीर थोडा असला की काय होते, हे पाहायचे तर आमच्या जिल्ह्यातल्या खर्ड्याला जावे. जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. खर्डा जामखेड तालुक्यात आहे तिथेच आहे. 11 मार्च 1795 या दिवशी इथे मराठे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली. सवाई माधवरावांच्या नावाने नाना फडणिसांनी शिंदे, होळकर, भोसले अशी सारी मंडळी एकत्र आणली होती; सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन. समोर निजाम अली खान, त्याच्या तोफा, त्याचे घोडदळ आणि रेमंड या फ्रेंच सरदाराने कवायत शिकवलेल्या पलटणी. या पलटणी दिवसभर बऱ्या लढल्या. पण जनानखाना घाबरला, निजामाचा धीर सुटला आणि त्याने त्यांना मागे बोलावले, असे ग्रँट डफच्या इतिहासात आहे.

खरी गंमत रात्री झाली. मराठ्यांची एक लहानशी तुकडी घोड्यांना पाणी पाजायला म्हणून ओढा शोधत अंधारातून आली. ओढ्याशी निजामाचे काही शिपाई होते. त्यांनी चाहूल लागताच गोळ्या झाडल्या. तो आवाज ऐकून दुसऱ्यांनी झाडल्या, त्यांचा ऐकून तिसऱ्यांनी. घटकाभरात सारी छावणी अंधारावर बंदुका चालवू लागली, आणि मग जो तो वाट फुटेल तिकडे पळाला. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि तिथेच कोंडला गेला. शेवटी तह झाला; मुलूख आणि पैसा कबूल करावा लागला आणि दिवाण मुशीर-उल्मुल्क याला मराठ्यांच्या हवाली करावे लागले. बंदुका होत्या, दारूगोळा होता, आणि समोर आले होते ते तहानलेले घोडे!

भेदरलेल्या हाताला पाणी पाजायला आलेला आणि जीव घ्यायला आलेला यांतला फरक कळत नाही. पर्समधला चाकूही असाच. तो काढायची वेळ कोणती, हे ठरवायला डोके थंड लागते. आणि डोके थंड असेल तर बहुतेक वेळा चाकू काढण्याआधीच ओरडता येते, पळता येते, उजेडाच्या दुकानात शिरता येते, 112 हा आकडा फिरवता येतो.

याच खर्डा-जामखेडच्या पट्ट्यातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळी आटोपली की ऊसतोडीची कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात. तिथल्या बोलीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसांची मोजदादच पात्यावर! यातल्या बाईच्या हाताशी सहा-सहा महिने कोयता असतो, तोही उसाचे टिपरू एका घावात तोडणारा. आपल्या तीन इंची चाकूची त्यापुढे काय मातब्बरी? तरीही या बायकांच्या छळाच्या तक्रारी वारंवार पुढे आल्या आहेत. कारण उघड आहे. खोपीला दार नाही, दाराला कडी नाही. अंघोळ आडोशाला, पहाटेच्या अंधारात. त्रास देणारा बहुधा तोच, ज्याच्याकडून उचल घेतलेली आहे. कोयता हातात आहे, पण तो उगारला तर उद्याची भाकरी जाते. तिला दुसरे पाते नको आहे. दिवा हवा, कडी हवी, आणि तक्रार ऐकणारा माणूस हवा.

आता हेच आपल्या फ्लॅटमधल्या, लिफ्टच्या इमारतीतल्या मुलीला लावून पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगत आले आहेत: बलात्काराच्या दहांतल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, वरिष्ठ. आपण चाकू घेतो तो अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसासाठी. धोका पुष्कळदा बैठकीत बसून चहा पीत असतो. त्याच्यावर चाकू चालत नाही. तिथे उपयोगी पडतो तो शब्द, वेळेवर उच्चारलेला आणि घरात ऐकून घेतलेला.

इथेच आपली मध्यमवर्गीय घरे कमी पडतात. बसमध्ये कोणी धक्के मारतो, शिकवणीच्या वाटेवर कोणी मागे येतो, हे पुष्कळ मुली घरी सांगतच नाहीत. सांगितले की काय होते, हे त्यांनी मैत्रिणींच्या घरी पाहिलेले असते. आधी प्रश्न: "तूच का? इतरांना नाही कोणी त्रास देत!" मग हुकूम: "उद्यापासून शिकवणी बंद." त्रास देणारा मोकळा, आणि शिक्षा तक्रार करणारीला. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी एखादी मुलगी दुसऱ्या वर्षाला दिसेनाशी होते. विचारले तर मैत्रिणी खाली मान घालतात. अशा मुलीच्या पर्समध्ये सोन्याच्या मुठीचा चाकू असता, तरी काय उपयोग होता?

तेव्हा चाकू कोणता घ्यावा? मला विचाराल तर आजोबांसारखा घ्यावा. चांगल्या पोलादाचा, घडीचा, पेरू कापायच्या कामाचा. वसतिगृहात फळे खाल्ली जातील, तेही बरेच. संरक्षणासाठी मात्र चिलखताची खरेदी करावी. आपल्या गल्लीतला बंद पडलेला दिवा नगरपालिकेच्या मागे लागून पेटवून घ्यावा. संध्याकाळच्या एस.टी.साठी चार पालकांनी मिळून अर्ज करावा. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या गाड्या सुरू झाल्या आणि घरी बसल्या असत्या अशा मुली त्यांतून शाळेला जाऊ लागल्या. दोन मैत्रिणींनी एकत्र येण्या-जाण्याची सवय करावी. शक्य असेल तिथे ज्यूदो-कराटेचा वर्ग लावावा.

आणि या दिवाळीत, फराळाचे डबे भरून देताना, आई-वडिलांनी मुलीला एवढे एक वाक्य द्यावे: "काहीही झाले तरी घरी सांग, सांगितलेस म्हणून तुझे शिक्षण थांबणार नाही." हे वाक्य पर्समध्ये शोधावे लागत नाही आणि कोणाला हिसकावूनही घेता येत नाही. फक्त ते दिल्यावर आपण पाळले पाहिजे.