कडवी गाळण्याचा अधिकार कोणाचा?

कवितेस चाल लावली म्हणजे कवीवर उपकारच केला, अशी आमच्याकडील संगीतकारांची व त्यांच्या चाहत्यांची एक गोड समजूत आहे. सहा कडव्यांची कविता घ्यावयाची, त्यांतील तीन ठेवावयाची, मधल्या जागा वाद्यांनी भरावयाच्या आणि वर पुन्हा काव्यसेवेचे श्रेय घ्यावयाचे! या समजुतीशी आमचे भांडण आहे.

या काटछाटीचे मूळ कलेत नाही, यंत्रात आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. त्यांत मावेल ते गाणे, उरेल तो केर. ती तबकडी केव्हाच अडगळीत गेली. तिने लावलेली खोड मात्र गेली नाही.

जर्मन कवितेचे भाग्य पाहा. शूबर्टने १८२७ साली विल्हेल्म म्युलरच्या ‘विंटररायझे’, म्हणजे ‘हिवाळ्यातील प्रवास’, या काव्यमालेतील २४ च्या २४ कविता स्वरबद्ध केल्या. पहिल्या गीतात प्रेमभंग झालेला वाटसरू रात्री गाव सोडतो; अखेरच्या गीतात त्याला बर्फावर अनवाणी उभा असलेला, रिकाम्या थाळीचा म्हातारा वादक भेटतो. हे गीत एकटे ऐकावे तर तो केवळ एक भिकारी; आधीच्या २३ गीतांनंतर ऐकावे तर तोच माणसाचा शेवटचा सोबती. १९९३ साली हान्स त्सेंडरने या मालेस वाद्यवृंदाचा नवा, धीट साज चढविला. गीते मात्र २४ च ठेविली.

प्रतिपक्ष म्हणेल, खुद्द गटेलाही प्रत्येक कडव्यास एकच साधी चाल रुचे. १८१६ साली त्याच्याकडे धाडलेली शूबर्टची गीते उत्तरावाचून परत आली. खरे आहे. पण ‘प्रत्येक कडव्यास’ या शब्दांकडे लक्ष द्यावे. संगीताने कवितेवर कुरघोडी करू नये, एवढाच त्याचा आग्रह. कडवी गाळा, असे तो म्हणाला नाही.

‘हे परदेशी प्रकार आपल्या रागसंगीतास मानवणार नाहीत,’ असेही कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर देवासचे आहे. कुमार गंधर्वांनी ‘तांबे गीत रजनी’त एका कवीस अख्खी मैफल वाहिली. कवी ग्वाल्हेरचा, गायक देवासचा, दोघेही महाराष्ट्राबाहेरचे!

आम्हां भिलाईकरांस हा केवळ रुचीचा वाद नाही. पोलाद कारखान्याबरोबर येथे आलेल्या मराठी घरांतील कित्येक नातवंडे आज हिंदी वा इंग्रजी शाळांत शिकतात. तांबे त्यांच्या हाती पडत नाहीत. पडलेच तर कानी पडतात. पुण्याचा श्रोता गाळलेले कडवे घरच्या कपाटात शोधील. येथील मुलाच्या लेखी ते कधी लिहिलेच गेले नाही.

म्हणून बृहन्महाराष्ट्रातील मंडळांस आमचे सांगणे आहे : गणेशोत्सवातील एक संध्याकाळ एका कवीस द्या, आणि त्याची कविता संपूर्ण गाऊन घ्या. खैरागढला १९५६ पासून संगीताचे विद्यापीठ आहे. गळ्यांचा तुटवडा आम्हांस पडू नये. गाण्यास वेळ थोडा असेल, तर कविता कमी निवडाव्यात. निवडलेली मात्र मोडू नये.